तानूआक्काची रेघ

सरकारी कचेरीत रिकामी खुर्ची दिसली की मी विचारत नाही, बसते. टेबलामागचा माणूस मान वर करतो, कपाळाला आठ्या घालतो, कधी 'बाहेर थांबा' म्हणतो. 'थांबलेय की,' म्हणून मी बसूनच राहते. ही सवय माझ्या घरची नाही. माहेरी आमची गुळाची अडत, घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. आमच्यात बायकांवर कचेरीची पायरी चढायची वेळच फारशी यायची नाही आणि आलीच तर बरोबर भाऊ असायचा. ही सवय तानूआक्कानं लावली. तिनं लावलेल्या सवयींपैकी एवढीच टिकली. बाकीच्या सवयींना जो दम लागतो तो माझ्यात नव्हता.

तानूआक्का कांबळे. कागदोपत्री ती दलित महिला व मुलींच्या हक्कांच्या एका समितीची अध्यक्ष होती, पण ते लांबलचक नाव फक्त लेटरहेडवर. लोक 'आक्काची खोली' म्हणायचे. खोली लक्ष्मीपुरीत, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि माझा टाइपरायटर टेबलावरून हळूहळू डावीकडं सरकायचा. कागदांवर पीठ बसायचं. तहसीलमधला एक कारकून आमचं पाकीट न उघडता नुसतं झटकायचा आणि 'आक्काचं आलंय' म्हणून बाजूला ठेवायचा.

समिती म्हणजे पाच बायका. दोघी रस्ते झाडणाऱ्या, एक भाजी विकणारी, एक बालवाडीत मदतनीस आणि आक्का. आक्का स्वतः एका शाळेत रोजंदारीवर झाडलोट करायची, पहाटे पाचला. दहाला ती खोलीवर हजर. काम एकच, पण त्याला अंत नव्हता. अमक्या गावात मुलीला शाळेतून का काढलं, तमक्या गावात बायांना नळावर कोण अडवतंय, पोलिसांनी तक्रार का लिहून घेतली नाही, वसतिगृहाच्या यादीतून नाव कसं गेलं. यातलं प्रत्येक काम अर्जापाशी सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा अर्जापाशीच अडकायचं.

मी तिथं लागले ते एक्क्याण्णवच्या सुमाराला. टायपिंगच्या क्लासात कुणीतरी सांगितलं की एका बाईला मराठी टायपिंग येणारी मुलगी हवी आहे. वडिलांनी 'कुठं?' म्हणून विचारलं, मी सांगितलं, त्यानंतर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी भीतभीतच माडीचा जिना चढले. समोर बुटकी, रुंद हाडाची, सावळी बाई. फिकट निळं पातळ, डोक्यावर पदर नाही, खुर्चीच्या पाठीला काळी छत्री अडकवलेली. ही छत्री बाराही महिने असायची, पाऊस असो नसो.

"टायपिंग येतं?"

"येतं."

"तीन प्रती निघतात का एका दमात?"

"निघतात."

"मग बस. पंखा न्हाय, आधीच सांगतो."

मुलाखत एवढीच. आमच्याकडं बायकाही 'सांगतो', 'येतो' म्हणतात आणि तिच्या तोंडी ते शोभायचं. माझं आडनाव तिनं विचारलं नाही. मी उत्तर तयार करून गेले होते, वडिलांची समजूत कशी घातली तेही सांगणार होते. ते उत्तर पुढं कधी वापरावंच लागलं नाही. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायची. मनात मात्र ती पहिल्यापासून 'ती'च होती.

तीन प्रतींचं प्रकरण मला महिन्याभरानं कळलं. एक प्रत कचेरीला, एक आमच्या फायलीला आणि तिसरीवर कचेरीतल्या माणसाचा गोल शिक्का, तारीख आणि सही घेऊन यायचं. ती पोच. पोच आणल्याशिवाय खोलीत आलेल्या बाईला आक्का पाणीसुद्धा विचारायची नाही. "अर्ज दिला म्हंजे काय झालं न्हवं. पोच आली की काम सुरू झालं," हे तिचं रोजचं. आक्काचं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिलेलं एकेक अक्षर लावून वाचायची, पण शिक्का उलटा धरला तरी कुठल्या कचेरीचा ते सांगायची. पोच हातात आली की आधी शिक्क्यावरून अंगठा फिरवायची, शाई ओली असली तर अंगठ्याला लागायची. मग पिशवीत.

त्यासाठी ताटकळायची तिची तयारी मोठी होती. कचेरीच्या बाकावर ती ताठ बसल्या बसल्या झोपायची. चेहऱ्यावरून कळायचंही नाही. आत कुणी 'कांबळेबाई' म्हटलं की त्याच क्षणी उठून चालू लागायची. मला वाटायचं हिला दमणं माहीत नाही. पुढं कळलं, ती कायमच दमलेली होती. फक्त ते कुणाला दाखवायची तिची रीत नव्हती.

रविवारी दुपारी गिरणी बंद असायची. तेव्हा खोलीत मुली जमायच्या. वस्तीतल्या, वसतिगृहातल्या, कधी आजऱ्याकडून काजूच्या कारखान्यात टरफलं फोडणाऱ्या. आक्कानं कधी भाषण केलं नाही. ती मुलींना कचेरी शिकवायची. माझं टेबल म्हणजे कचेरी, मी म्हणजे भाऊसाहेब. समोर एक रिकामी खुर्ची. एकेकीनं दारातून आत यायचं, न विचारता खुर्चीवर बसायचं, अर्ज पुढं ठेवायचा आणि पोच मागायची. मी ठरलेलं वाक्य म्हणायची, "साहेब नाहीत. उद्या या."

पहिल्या खेपेला प्रत्येक मुलगी 'बरं' म्हणून उठायची.

"बरं कुणाला म्हणालीस?" आक्का कोपऱ्यातून विचारायची. "काय बरं झालं त्यात? बस खाली."

मग पुन्हा. साहेब नसले तर नसू देत, अर्ज घ्यायला साहेब लागत नाहीत, आवक-जावकचा शिक्का तुमच्याच टेबलावर आहे, मी बसते. हे म्हणायला काही मुलींना चार-चार रविवार लागले. खुर्चीवर टेकायलाच एकीला दोन. ती खुर्चीपर्यंत यायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. आक्का तिच्यावर ओरडली नाही. तिनं खुर्ची उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवली. मी हळूहळू त्या सोंगात इतकी तयार झाले की फाईल शोधायचं, चहाला जायचं, चष्मा पुसत वेळ काढायचं, सगळं मला यायला लागलं. एकदा आक्का हसून म्हणाली, "सरू, तू सरकारात असतीस तर लई बायकांचं वाटोळं केलं असतंस."

काजूच्या कारखान्यातल्या मुलींची गोष्ट वेगळीच. टरफलातलं तेल लागून त्यांच्या बोटांची सालं गेलेली, टोकं काळी. एका अर्जावर अंगठे घेतले तर नुसते डाग उमटले. कारकून म्हणाला, हे अंगठे चालणार नाहीत. मला वाटलं, आता आक्का भांडणार. ती अर्ज घेऊन परत आली आणि आठ दिवस आजऱ्यात मुक्काम ठोकून त्या नऊ मुलींना सही शिकवली. पाटी-पेन्सिल घेऊन, कारखाना सुटल्यावर. परत आली ती घसा बसवून, बरोबर शेरभर घनसाळ तांदूळ घेऊन. तो तिनं मला दिला. "आपलं नाव आपल्या हातानं," एवढंच म्हणाली आणि बसल्याजागी झोपली.

नावाचं तिला फार होतं. त्यापायीच पुढची चूक झाली.

शिरोळ तालुक्यातलं एक गाव, कृष्णेच्या काठचं. आक्काचं माहेर तेच. तिथं सुरेखा नावाची एक मुलगी दुसरीत होती. बाप वारलेला, आई उसात भांगलणीला, तण काढायला जायची. पंच्याण्णव साल असेल. सुरेखा शाळेला म्हणून निघायची आणि उसात जाऊन बसायची. आईनं मारलं, उपयोग झाला नाही. आक्का माहेरी गेली होती; तिनं पोरीला जवळ घेऊन विचारलं, शाळेत का जात नाहीस. सुरेखा म्हणाली, "मला नावानं हाक मारत न्हाईत."

झालं होतं ते असं. शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटायचे तेव्हा हेडमास्तर वर्गात येऊन हजेरीतलं बघून पुकारायचे, 'महारांच्या पोरी उभ्या राहा.' चार मुली उभ्या राहायच्या, बाकीचा वर्ग बघायचा. पुढं पोरंही त्यांना त्याच नावानं बोलवायला लागली. आक्का शाळेत गेली. हेडमास्तर काही दुष्ट माणूस नव्हता. तो म्हणाला, बाई, रजिस्टरला जे आहे ते मी वाचतो, शिष्यवृत्ती तुमच्याच मुलींना मिळावी म्हणून वाचतो. आक्का म्हणाली, मग रजिस्टर बदला. आम्ही बौद्ध झाल्याला चाळीस वर्षं झाली, ती जात आम्ही तिथंच टाकून आलो, तुमच्या वहीत ती अजून कशी राहिली.

शाळेचं रजिस्टर असं बदलत नाही. त्याला वर अर्ज करावा लागतो, परवानगी यावी लागते. अकरा महिने आम्ही त्यामागं होतो. माझ्या हातानं मी चौदा अर्ज टाइप केले, चौदांच्या पोच आल्या. शिक्षण खात्यातला एक म्हातारा कारकून पोच देता देता म्हणाला, "बाई, समजून सांगतो. बौद्ध लिहा, पण आधीची जात खोडू नका. पुढं दाखल्याला अडचण येईल." आक्का बाहेर आली ती लाल होऊन. "आमाला ह्येनी कायम भ्याच दाखवत आणलं," म्हणाली. मी शेजारीच होते. मला त्या म्हाताऱ्याचं बोलणं पटलं होतं. मी बोलले नाही. माझ्या जातीचा कागद मला कधी कुणी मागितला नव्हता, तेव्हा त्यातलं मी काय सांगणार, असं मी मनाला सांगितलं आणि पुढचा अर्ज टाइप करायला घेतला.

शेवटी परवानगी आली. हेडमास्तरनं आक्कासमोर रजिस्टर उघडलं, पट्टी लावून त्या शब्दावर लाल शाईची रेघ मारली, बाजूला 'बौद्ध' लिहिलं, सही केली. सुरेखाला आक्कानं मुद्दाम बोलावून ते पान दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत जायला लागली. मग आक्काला थांबवणारं कोण? आसपासच्या गावांतून बाया यायला लागल्या. तीन-चार वर्षांत चोवीस मुलींच्या नावापुढं रेघ पडली. आमच्या खोलीनं जिंकलेली एवढी एकच लढाई मला आठवते. त्या दिवसांत आक्का रविवारी चहा स्वतः करायची.

दहा वर्षं गेली. सुरेखा बारावी झाली, शास्त्र शाखेतून, चांगल्या मार्कांनी. सरकारी नर्सिंगच्या यादीत नाव लागलं. जातीचा दाखला अमुक तारखेच्या आत जोडायचा होता. तिनं अर्ज केला आणि तो शेरा मारून परत आला. मूळ जातीचा पुरावा नाही. सवलत बौद्धांना होती, नव्हती असं नाही. पण बौद्ध होण्याआधी घराणं कुठल्या जातीचं होतं, ते दाखवणारा जुना कागद हवा होता. सुरेखाच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' होतं आणि रजिस्टरातला रेघ मारलेला शब्द पुरावा म्हणून धरत नव्हते. हातात बारा दिवस होते.

आक्कानं तो शेरा माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग पंच्याण्णवची फाईल काढायला लावली. चौदा पोच तिनं टेबलावर ओळीनं मांडल्या. "ह्यातली एक तरी कामाला येती का बघ," म्हणाली. एकही येत नव्हती. त्या सगळ्या, तो शब्द आम्ही काढून टाकायला लावल्याच्या पोच होत्या.

सुरेखाचा बाप शाळेत गेलेला नव्हता. राहिला आजा. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वही ठेवायचा, त्यात बापाचं नाव, जात लिहिलेली असायची. त्या जुन्या वह्या तालुक्याच्या कचेरीत असतात. सुरेखाच्या बापाच्या जन्माची नोंद सापडली तर तीत आजाची जात सापडणार होती. आम्ही शिरोळला गेलो. त्याच वर्षी कृष्णेला मोठा पूर येऊन गेला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आडवा, त्यावर वाळलेला चिखल. कचेरीच्या तळातल्या फळ्यांपर्यंत पाणी चढलेलं. भिजलेल्या वह्या व्हरांड्यात आणि अंगणात उघडून वाळत घातल्या होत्या, वर दगड ठेवलेले. दमट कागदाचा वास लांबूनच येत होता.

रेकॉर्डचा कारकून म्हणाला, "कशात काय नाही बघा, बाई. उद्या या." आक्का व्हरांड्यात खुर्ची ओढून बसली. मीही बसले. दुपारी कळलं की त्या माणसाचंच घर पाण्यात गेलेलं, बायकामुलं पाहुण्यांकडं, आणि तो चार दिवस कचेरीतच झोपतो आहे. आक्कानं डबा उघडून निम्मी भाकरी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एकदा भाकरीकडं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि खाल्ली. खाऊन झाल्यावर तो स्वतः उठून सुरेखाच्या गावच्या वह्या वेगळ्या काढायला लागला.

तीन दिवस आम्ही लाल गाडीनं जात-येत होतो. पानं एकमेकांना चिकटलेली, एकेक सोडवायचं. आक्काचे गुडघे तोवर गेले होते; जमिनीवर बसली की उठताना माझा खांदा लागायचा. त्यात जुनी पानं मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ गाठावे लागले, त्यात एक दिवस गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भिंग धरलं, बोट फिरवलं आणि वाचलं. सुरेखाच्या आजाचं नाव, पुढं 'महार', 'यास मुलगा'. कारकुनानं स्वतःचंच काम झाल्यासारखी मांडीवर थाप मारली. मलाही सुटल्यासारखं वाटलं.

आक्कानं विचारलं, "कुटं हाय ते?"

गृहस्थांनी दाखवलं. मोडी तिला कळत नव्हती. तिनं बोट पानाजवळ नेलं, टेकवलं नाही.

"ह्येच्यावर रेघ माराय अकरा म्हयनं घालवलं मी," ती म्हणाली. "आता ह्येलाच हुडकत आलोय."

कारकून उतारा लिहायला आत गेला. मी आक्काकडं बघायचं टाळलं, कारण त्या म्हाताऱ्या कारकुनाचं बोलणं मला त्याच वेळी आठवत होतं आणि तिलाही आठवत असणार हे मला माहीत होतं. दोन पानं पुढं त्याच वहीत आक्काच्या वडिलांचंही नाव निघालं. तिनं ऐकलं आणि 'असू दे' म्हणाली. मी गुपचूप त्याचाही उतारा मागून घेतला.

दाखल्यावर सही करणारे साहेब पूरग्रस्त गावांच्या दौऱ्यावर होते. दाखला हातात आला तो मुदत संपून चार दिवसांनी. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. ते सांगायला आक्का स्वतः सुरेखाच्या घरी गेली. मी म्हटलं, निरोप पाठवू. ती म्हणाली, "निरोपाची गोष्ट हाय का ही?"

सुरेखा खुरप्यानं भिंतीवरचा पुराचा गाळ खरवडत होती. कमरेच्या वरपर्यंत भिंतीवर पाण्याची खूण. आक्का उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "माझं चुकलं, पोरी. तुजं वरीस मी घालवलं." इतक्या वर्षांत आक्काच्या तोंडून 'चुकलं' मी पहिल्यांदा ऐकलं. कचेरीत ती चुकत नव्हती असं नाही, पण तिथं तिनं ते कधी कबूल केलं नाही.

सुरेखानं खुरपं खाली ठेवलं. रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "आक्का, ती रेघ नसती तर मी दुसरीतनंच भांगलायला गेले असते. बारावीचं कुठलं आलंय."

"ते बी खरं हाय," आक्का म्हणाली. "आणि ह्ये बी खरं हाय."

पुढच्या वर्षी सुरेखाला प्रवेश मिळाला. पण तेवीस मुली राहिल्या होत्या. त्यांच्यापैकी काही दहावीला, काही बारावीला येत होत्या. आक्कानं मला यादी टाइप करायला लावली आणि एकेक गाव घेतलं. ज्या कचेऱ्यांत जाऊन तिनं तो शब्द खोडायला लावला होता, त्याच कचेऱ्यांत जाऊन ती आता तो शोधून मागत होती. काही ठिकाणी माणसं तीच होती. एकानं विचारलंच, "काय आक्का, परत पायजे झाली व्हय?" आक्कानं पोच मागितली.

तीन वर्षं हे चाललं. उतारा आला की ती माझ्याकडून ती एक ओळ मोठ्यानं वाचून घ्यायची, मान हलवायची आणि कागद पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. मला या कामाचा कंटाळा आला होता, हे आता सांगायला हरकत नाही. मला रागही यायचा. कधी सरकारचा, कधी आक्काचा, कधी त्या दिवशी गप्प बसलेल्या माझाच. त्याच काळात माझ्या भावाच्या मुलीचा कॉलेजात प्रवेश झाला. एका सकाळी, दोन सह्यांत. तिच्या पणज्याचं नाव काय, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मी खोलीवर गेले आणि आक्काला पेढा देताना माझ्याच्यानं तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. तिनं पेढा खाल्ला, मुलीचं नाव विचारलं आणि 'शिकंल' म्हणाली.

तेविसावा दाखला निघाला त्याच्या आसपास खोलीही गेली. गिरणीवाल्याला माडीवर मसाल्याचं कांडप बसवायचं होतं. तोवर समितीतल्या पाचांपैकी दोघी वारल्या होत्या, एक लेकीकडं पुण्याला गेली होती. रविवारच्या मुली कधीच थांबल्या होत्या. ट्रंक आक्काच्या घरी गेली, टाइपरायटर माझ्या माळ्यावर. निरोपाचा कार्यक्रम वगैरे झाला नाही. आक्कानं जिन्यावरून उतरताना नुसता पिठाचा हात पातळाला पुसला.

त्यानंतर ती पार बसली. शाळेचं रोजंदारीचं काम सुटलं, गुडघ्यांनी घराबाहेर पडू दिलं नाही. मी महिन्यातून एकदा जायची. शेजारची बाई जेवण द्यायची. मीच म्हटलं, निराधारांच्या पगाराचा अर्ज करू. सरकारचा तो पगार वस्तीतल्या कितीतरी बायकांना आक्कानंच मिळवून दिला होता, स्वतःसाठी तिला सुचलं नव्हतं. मी फॉर्म घेऊन गेले, मांडीवर पाट ठेवून भरायला बसले.

"वय?"

"दिसतोय तेवढं लिव."

सत्तर लिहिलं. पत्ता लिहिला. मग तो रकाना आला. अनुसूचित जातीसाठी हा पगार वेगळ्या खात्यातून निघतो, म्हणून जात लिहावी लागते, दाखला जोडावा लागतो. मी म्हटलं, "आक्का, तुमच्या वडलांचा उतारा आहे माझ्याकडं. शिरोळला काढून ठेवला होता. दाखला महिन्यात निघेल."

तिला उताऱ्याचं नवल वाटलं नाही. मी काय करते ते तिला नेहमीच कळायचं. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "रेघ मार."

"असा अर्ज घेणार नाहीत, आक्का."

"पोरींच्या कागदावर तो शब्द मी लिवून घेतला. चोवीस डाव. त्यास्नी फुडं जायाचं हुतं. मला आता कुटं जायाचं हाय? ह्यो अर्ज माझा हाय. रेघ मार. आणि पोच आण."

मी पट्टी शोधली, नव्हती. आक्काच्या पाटाच्या कडेनं मी त्या रकान्यात रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी मी अकराला कचेरीत गेले. टेबलापुढची खुर्ची रिकामी होती, बसले. कारकून तरुण होता, आम्हाला ओळखणारा नव्हता. त्यानं फॉर्म चाळला आणि म्हणाला, "हा रकाना मोकळा आहे."

"मोकळा नाही. रेघ आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "साहेब नाहीत. उद्या या."

हे वाक्य मी रविवारच्या दुपारी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यापुढं काय म्हणायचं ते मला पाठ होतं. म्हटलं, अर्ज घ्यायला साहेब लागत नाहीत, शिक्का तुमच्याच टेबलावर आहे, मी बसते. तो चहाला गेला, आला. चष्मा पुसला. फाईल शोधली. जेवायला गेला. मी बसून होते. माझी कंबर धरली होती, पाय जड झाले होते, आणि या बाईनं हे आयुष्यभर कसं केलं हे मला त्या खुर्चीवर पहिल्यांदा नीट कळलं. साडेतीनला त्यानं तिसऱ्या प्रतीवर शिक्का मारला.

पगार काही सुरू झाला नाही. त्रुटी असल्याचं पत्र आलं तेव्हा आक्का जाऊन पंधरा दिवस झाले होते. पत्र शेजारच्या बाईनं मला आणून दिलं. सुरेखा तोवर नर्स झाली होती. शेवटच्या आठवड्यात तीच आक्कापाशी होती, असं शेजारणीनं सांगितलं.

पण पोच मिळाली त्या दिवशी साडेतीनला मी थेट तिच्याकडंच गेले होते. ती दारात उन्हाला बसली होती, छत्री शेजारी. मी पोच हातात दिली. तिनं कागद लांब धरला, जवळ घेतला, सवयीनं शिक्क्यावरून अंगठा फिरवला. शाई ओली होती, अंगठा निळा झाला. तो तिनं पातळाला पुसला आणि बोट वर सरकवत त्या रकान्यापाशी आणलं. त्या रेघेवरून बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेलं.

"सरळ आलीय की गं," ती म्हणाली. कागद पिशवीत न टाकता तिनं मांडीवरच ठेवला आणि बसल्या बसल्या डोळे मिटले.